करणाऱ्याला थांबता आलं पाहिजे

२०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली. तेव्हापासून महाराष्ट्रात एक वाद पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो आहे. घरातल्या म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसांचं जे विनामोबदला करतात, त्यांना सरकारने काही द्यावं का? एक बाजू म्हणते, आईबापांची सेवा हा संस्कार आहे, त्याचा पगार कसला मागता? दुसरी म्हणते, बाई घरात राबराब राबते, तिच्या खात्यात महिन्याला काहीतरी जमा करा म्हणजे झालं. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि एका गोष्टीवर न बोलता सहमत असतात. ती बाई त्या अंथरुणापाशीच राहणार, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. पहिल्यांना ती फुकट राहायला हवी आहे, दुसऱ्यांना दीड हजारात. माझं म्हणणं वेगळं आहे. सरकारने मदत केलीच पाहिजे, आणि ती हक्क म्हणून मिळाली पाहिजे. पण त्या मदतीची कसोटी रकमेत नाही. करणाऱ्याला थांबता येतं का, ही कसोटी आहे. चार तास, चार दिवस, आणि तशीच वेळ आली तर कायमचं; रुग्णाचे हाल न होता आणि स्वतःचं पुढचं आयुष्य वाऱ्यावर न सोडता. ही मोकळीक जी योजना देत नाही, तिला मी आधार म्हणणार नाही.

आधी हे काम काय असतं ते पाहू, कारण चर्चेत नेमकं तेच नसतं. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडतात तेव्हा सोबत सूचना असतात : दर दोन तासांनी कूस बदला, नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्या, लघवीची पिशवी वेळेवर रिकामी करा, हातापायांचे व्यायाम चुकवू नका. रुग्णालयात हेच काम तीन पाळ्यांत परिचारिका, वॉर्डबॉय, मावशी आणि फिजिओथेरपिस्ट मिळून करत होते. घरी ते सगळं एका माणसावर येऊन पडतं, आणि त्याला ते कुणी धड शिकवलेलंही नसतं. कूस बदलायची राहिली की माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फाटते, मग ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. स्मृतिभ्रंशाचं आणखी निराळं. आजोबा रात्री दोन वाजता 'मला घरी जायचंय' म्हणत दाराची कडी काढतात, आणि ते स्वतःच्या घरातच असतात. जी सून त्यांना न्हाऊ-माखू घालते तिच्यावरच पैसे चोरल्याचा आळ घेतात. 'लासी' या देशव्यापी वार्धक्य-पाहणीच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के माणसांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले फारच थोडे कुठल्या संस्थेत आहेत. बाकीचे कुणाच्या तरी घरी आहेत, आणि त्या घरातलं कुणीतरी गाढ झोपलेलं नाही.

केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करताना आढळल्या. त्याच वयाचे पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाला सरासरी १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. यात लहान मुलांचं करणंही आलं. शिवाय सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. बाळाला तासभर खेळवणारी मावशी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं चोवीस तास पाहणारी सून एकाच सरासरीत विरघळून जातात. आणि २१ टक्के पुरुषही विसरून चालणार नाही. लग्न न झालेले मुलगे, निवृत्तीनंतर बायकोच्या पार्किन्सनशी झगडणारे नवरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. योजना 'बहिणीं'च्या नावाने निघाली की ते हिशेबातून गळतात, आणि गळतात म्हणून हे बायकांचंच काम आहे हा समज आणखी पक्का होतो. मदत कामाला चिकटली पाहिजे. ते काम बाई करते की पुरुष, हे सरकारने पाहू नये.

आता आक्षेप. सेवेला पैशात मोजू नका, हा आक्षेप मी हलका मानत नाही. काही नाती व्यवहाराबाहेर राहिली म्हणूनच टिकली, हे खरं आहे. रोज रात्री वडिलांचे पाय चेपणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर महिन्याच्या महिन्याला सरकारी जमेचा संदेश आला तर त्या चेपण्यात काहीतरी बदलेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण या श्रमाची किंमत आपल्या व्यवस्थेने कधीच ठरवली आहे. फक्त ती बाई मेल्यावर. जमशेदपूरच्या १९८९ मधल्या आगीच्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मूल्य महिना ३,००० रुपये धरलं. २०१० मध्ये अरुणकुमार अगरवाल खटल्यात न्यायालयाने जनगणनेला खडे बोल सुनावले, कारण तिथे गृहिणींची गणना भिकारी आणि कैद्यांच्या सोबतीने 'काम न करणाऱ्यां'त केली होती. जानेवारी २०२१ मधल्या कीर्ती खटल्यात तर न्या. रमणा यांनी २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडेच निकालपत्रात मांडले. अपघातात गेलेल्या बाईच्या कामाची किंमत विमा कंपनीला भरावीच लागते. जिवंत बाईच्या कामाची दखल घ्यायची म्हटली की मात्र संस्कृती धोक्यात येते. हे कुठलं गणित?

शिवाय सरकारने घरात येऊ नये असं म्हणणाऱ्यांना हे माहीत असायला हवं की सरकार आधीच आत आलेलं आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. मुलांनी आईबापांना सांभाळलं नाही तर न्यायाधिकरण निर्वाहभत्ता ठरवून देतं, आणि त्यांना टाकून दिलं तर तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हा कायदा गरजेचा होता. पण त्यात करणाऱ्यासाठी काय आहे? जो टाकून देतो त्याला शिक्षा. जो टाकत नाही, नोकरी सोडून घरी बसतो, त्याला एक दिवसाची उसंतही नाही. दंडुका घेऊन आलेल्या सरकारला आपण उंबरठ्याच्या आत घेतलं. हातात मदत घेऊन येणाऱ्याला का अडवायचं?

बाळंतपणापेक्षा खाजगी गोष्ट दुसरी कोणती असेल? तरीही १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा आणि कामाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, असं त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये कायदा झाला. आज कुणी म्हणतं का, की पगारी रजेमुळे आईचं बाळावरचं प्रेम आटलं? त्या कायद्याने बाईला गिरणीतून काही आठवडे थांबता आलं, आणि थांबूनही उपाशी राहावं लागलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला तेवढंच हवं आहे, फक्त उलट्या दिशेने. तिथे कामावरून घरी येण्याची मुभा होती. इथे घरातून बाहेर पडण्याची हवी.

'ती तर घरीच असते.' हे वाक्य आपल्याकडे कुठल्या शासन निर्णयात छापलेलं नाही, पण मोठा आजार आला की जी कौटुंबिक बैठक बसते तिच्यात ते हमखास बोललं जातं. दीर बोलतो, नणंद बोलते, कधीकधी ती स्वतःच बोलते. ब्रिटनमध्ये ते सरकारी धोरणच होतं. तिथे १९७६ मध्ये अपंग नातेवाइकाचं करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला. नोकरी सोडून आईवडिलांचं करणाऱ्या मेरी वेब्स्टर या अविवाहित बाईने १९६३ मध्ये ज्या चळवळीला तोंड फोडलं होतं, तिचं ते फळ. पण लग्न झालेल्या बायकांना त्यातून वगळलं. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात. दहा वर्षं हे चाललं. जॅकी ड्रेक या विवाहित बाईने आईसाठी नोकरी सोडली, भत्ता मागितला, नकार मिळाला. ती युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, आणि निकालाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने नियम बदलून टाकला. कुणाला मदत मिळते यापेक्षा कुणाला वगळलं जातं हे पाहिलं की त्या समाजाला कोणाची सेवा फुकटची वाटते ते कळतं.

इथवर मी ज्यांना उत्तर दिलं ते संस्कृतीच्या बाजूने बोलणारे होते. खरा वजनदार आक्षेप दुसरीकडून येतो, स्त्रीवादी विचारातून, आणि तो सर्वांत नेमकेपणाने मांडला गेला जपानमध्ये. १९९० च्या दशकात तिथे दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यावर देशभर चर्चा चालू होती. घरी करणाऱ्यांना रोख रक्कम द्यावी असा एक प्रस्ताव होता. हिगुची केइको आणि त्यांच्या सहकारी बायकांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. जपानमध्ये सासू-सासऱ्यांचं करण्याचा भार परंपरेने थोरल्या मुलाच्या बायकोवर. 'आदर्श सून' म्हणून गावोगावी सत्कारही व्हायचे. या बायकांचं म्हणणं असं होतं की रोख रक्कम सुरू झाली की सुनेच्या पायातली बेडी सोन्याचा मुलामा देऊन कायम होईल. घरचे म्हणतील, पैसे मिळतात ना, मग कर. नवरा हातभार लावायचा थांबेल, आणि सरकारही हात झटकेल, कारण महिन्याला चार पैसे टाकणं हे परिचारिका नेमण्यापेक्षा फार सोपं आहे. त्यांचं म्हणणं चाललं. एप्रिल २००० पासून लागू झालेल्या जपानच्या शुश्रूषा विम्यात घरच्यांना रोख भत्ता नाही. मिळते ती सेवा : घरी येणारी मदतनीस, दिवसभराचं केंद्र, काही दिवस रुग्णाला ठेवून घेणारी अल्पमुदतीची सोय. निम्मा खर्च चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या हप्त्यातून, निम्मा करांतून. वापरणाऱ्याने वर आपला छोटा वाटा द्यायचा.

हा आक्षेप मी जवळजवळ जसाच्या तसा मान्य करते. आपल्या भोवतालची चित्रं डोळ्यांसमोर आणा. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये, गोव्यातल्या 'गृह आधार'चे १,५००, तामिळनाडूत सप्टेंबर २०२३ पासून घरातल्या बाईला हक्काचे म्हणून मिळणारे १,००० रुपये. या पैशांनी अनेक घरांत औषधं आली, शाळेची फी भरली गेली, बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे म्हणता येतील असे पैसे आले. ते काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांतल्या एकाही योजनेने कुणाला अंथरुणापासून एक तास दूर जाऊ दिलेलं नाही. कारण ती त्यासाठी नव्हतीच. घरात कुणी आजारी आहे का, हेही अर्जात कुणी विचारलं नाही.

तरीही जपानी उत्तर मला अपुरं वाटतं. रोख रक्कम पूर्ण वगळल्याने घरच्यांची सेवा थांबली नाही. आजही तिथे दरवर्षी सुमारे एक लाख माणसं घरच्यांच्या आजारपणासाठी नोकरी सोडतात. सेवा दारात येते, पण रात्रीचं, सुट्टीच्या दिवसाचं, अचानक बिघडलेल्या तब्येतीचं घरच्यांनाच पाहावं लागतं, आणि त्यात बुडालेला पगार आणि खुंटलेली पेन्शन कुणी भरून देत नाही. बेडी नको हे बरोबर. पण जी आधीच अडकली आहे तिला रिकाम्या हातांनी ठेवून बेडी तुटत नाही.

जर्मनीने १९९५ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथे रुग्णाची गरज तपासून पातळी ठरते आणि मग कुटुंब निवडतं : प्रशिक्षित माणसाची सेवा घ्यायची की रोख रक्कम. रोख मुद्दाम कमी ठेवली आहे. २०२५ मध्ये दुसऱ्या पातळीला सेवेचं मूल्य महिना ७९६ युरो, रोख घेतली तर ३४७. जर्मन कुटुंबांनी मोठ्या संख्येने रोख घेतली, म्हणजे जपानी बायकांची भीती निराधार नव्हती. पण त्या कायद्यात दोन कलमं अशी आहेत, जी आपल्या चर्चेत मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. आठवड्याला किमान दहा तास घरच्याचं करणाऱ्या, पूर्ण वेळ नोकरी करू न शकणाऱ्या माणसाचा पेन्शनचा हप्ता शुश्रूषा विमा निधी भरतो. आणि करणारा स्वतः आजारी पडला, थकला किंवा त्याला गावाला जायचं असलं तर वर्षातले काही आठवडे बदली माणसाचा खर्चही तो निधी देतो. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून दहा वर्षं सासूचं केलेल्या बाईचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. सासू जाते. बाई पंचावन्न वर्षांची असते, कंबर गेलेली असते, भविष्यनिर्वाह निधी थिजलेला असतो, आणि आता तिचं करायला कोण आहे याचं उत्तर घरात कुणाकडे नसतं. तो एक हप्ता हे उत्तर आजच लिहून ठेवतो.

परदेशांची उदाहरणं पुरे. केरळने दोन्ही प्रयोग आपल्याच देशात केले आहेत, आणि दोन्हींचा निकाल समोर आहे. अंथरुणाला खिळलेल्यांचं पूर्ण वेळ करणाऱ्यांसाठी तिथे 'आश्वासकिरणम्' नावाची योजना २०१० पासून आहे. महिना ६०० रुपये. तेही अनेकदा महिनोन्‌महिने थकलेले. ६०० रुपयांत मोठ्या माणसाचे आठवडाभराचे डायपरही येत नाहीत. दुसरा प्रयोग १९९३ मध्ये कोझिकोडला एका लहानशा वेदनाशामक उपचार केंद्रातून सुरू झाला. त्यातून वस्तीवस्तीतल्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण केलं आणि ग्रामपंचायतींनी घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची जबाबदारी घेतली. परिचारिका येते, जखम पाहते, नळी बदलते, आणि घरच्या माणसाला शेजारी बसवून शिकवते. तिला फोन करता येतो. या दोनांपैकी करणाऱ्याचं ओझं कशाने हललं असेल? मला तरी उत्तर सरळ दिसतं. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचं जवळपास सगळं वेळापत्रक गरोदर बाई, बाळ आणि लसीकरण यांच्याभोवती फिरतं. ते त्या काळाची गरज म्हणून योग्यच होतं. पण सिंधुदुर्गात, रत्नागिरीत आज वाड्यावाड्यांत काय दिसतं? मुलं मुंबईला, घरात ऐंशीच्या सासूबाई आणि साठीची सून. लसीच्या नोंदवहीत त्या घराचं नावच नाही.

शहरात याच प्रश्नाला बाजाराने उत्तर दिलं आहे, आणि त्या उत्तराकडे मला शांतपणे पाहता येत नाही. मुलं अमेरिकेत, आईवडील पुण्यात. ब्यूरोतून बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई येते. ती बहुतेकदा मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्या तरी गावातून आलेली असते. तिच्या स्वतःच्या सासूचं कोण करतं? तिची तेरा-चौदा वर्षांची मुलगी, शाळा बुडवून. ब्यूरो पगारातून आपला वाटा कापतो. तिला रजा नाही, विमा नाही, आणि 'प्रशिक्षित' हा शब्द फक्त ब्यूरोच्या दरपत्रकात असतो. म्हणून सेवा उभी करायची म्हटलं की मला एक धोका आधी सांगावासा वाटतो. सरकारने हे काम आशा आणि अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आणखी एक 'मानधनी' काम म्हणून टाकलं, तर एका फुकट राबणाऱ्या बाईला सोडवायला दुसरी जवळजवळ फुकट राबणारी बाई आणल्यासारखं होईल. त्यांना आजही कर्मचारी म्हणून मान्यता नाही; तिच्यासाठी त्या वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत आहेत. घरी येणारी शुश्रूषामदतनीस ही पगारी, प्रशिक्षित, निवृत्तिवेतन असलेली नोकरी असली पाहिजे. राज्याला रोजगार हवाच आहे. हा असा रोजगार आहे जो यंत्राला देता येत नाही आणि गावातच राहतो.

पैसे कुठून आणायचे? हा प्रश्न टाळणारा माणूस या विषयावर गंभीर नाही असं मी समजेन. लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हाच तिचा वर्षाचा खर्च ४६,००० कोटींच्या घरात सांगितला गेला होता, आणि राज्याच्या तिजोरीवरचा ताण त्यानंतर प्रत्येक अर्थसंकल्पात जाणवतो आहे. आणखी एक खर्चिक योजना आज शब्दांत उभी करणं सोपं आहे, उद्या चालवणं अवघड. हे सगळं मान्य. पण महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा आक्षेप ओळखीचेच होते : लोक आळशी होतील, खडी फोडल्याचं नाटक करतील, पैसे कुठून आणणार? उत्तर म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी भरायची, हे तत्त्व विधिमंडळाने स्वीकारलं. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये सगळ्या देशाने कामाच्या हमीचं तत्त्व घेतलं. तो कर आजही आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांच्या रूपाने दिसतो, वर्षाला जास्तीत जास्त २,५००. ज्या राज्याने दुष्काळात मजुरासाठी स्वतंत्र कर लावून दाखवला, त्याला वार्धक्याच्या लाटेसाठी तसा निधी उभारता येणार नाही, हे मला पटत नाही. आणि खर्च आज होत नाही असं थोडंच आहे? तो होतोच आहे. फक्त तो सुनेच्या कंबरेतून, मुलीच्या शाळेतून, मुलाच्या सोडलेल्या नोकरीतून वसूल होतो, आणि कुठल्याही अर्थसंकल्पात छापला जात नाही.

गैरवापराचा मुद्दाही खरा आहे. लाडक्या बहिणीच्या लाभार्थ्यांत चौदा हजारांहून अधिक पुरुष निघाले, ही बातमी २०२५ मध्ये सगळ्यांनी वाचली. पण ती योजना कुटुंबाचं उत्पन्न आणि बाईचं वय यांवर, मुख्यतः स्वयंघोषणेने चालली. शुश्रूषेची गरज अशी लपवता किंवा बनवता येत नाही. अंथरुणावर माणूस आहे की नाही, त्याला उठून बसता येतं की नाही, हे परिचारिकेला एका भेटीत कळतं, आणि जी भेट तपासणी करते तीच मदतही करते. उलट अति-कडक नियम काय करतात हे ब्रिटनने दाखवलं आहे. तिथे भत्ता घेणाऱ्याने आठवड्याला ठरावीक रकमेपेक्षा एक पौंड जरी जास्त कमावला तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जायचा. २०२४ मध्ये ही मर्यादा १५१ पौंड होती. दुकानात अर्धवेळ काम करणाऱ्या हजारो माणसांकडून सरकारने वर्षानुवर्षांची वसुली काढली. काहींवर फौजदारी कारवाई झाली. आईचं करत करत चार तास बाहेर कमावणाऱ्या माणसाला चोर ठरवणारी योजना आपल्याला नको. त्या चार तासांसाठीच तर मदत हवी आहे. त्यामुळे उत्पन्नाची अट कमाईबरोबर हळूहळू उतरणारी असावी, आणि शुश्रूषेची सेवा तर उत्पन्न न पाहता मिळावी.

आणि सुरुवात कोऱ्या पाटीवर करायची नाहीये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात काळजीवाहकाची व्याख्याच आहे : आईवडील आणि कुटुंबातल्या इतरांसह कुणीही, पैसे घेऊन वा न घेता करणारं. त्याच कायद्याचं २४ वं कलम सांगतं की जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना सरकारने करावी. त्याला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाट जोडली आहे, आणि तिचा भरपूर वापर झाला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांना काही काळ सांभाळण्याची 'समर्थ' नावाची योजना निघाली, केंद्रं मोजकी. आयकरात अपंग अवलंबितासाठी ७५,००० किंवा सव्वा लाखाची वजावट होती, ती नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि जिथे करपात्र उत्पन्नच नाही तिथे तिचा उपयोग कधीच नव्हता. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे पैसे रुग्णाला मिळतात, आणि त्यांची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये. एका कुटुंबाला. वर्षाला.

मी सुरुवात कुठून करेन? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा अशा राखून ठेवा जिथे वर्षातून पंधरा दिवस रुग्णाला ठेवता येईल, आजारी पडला म्हणून नव्हे, तर घरी करणाऱ्याला विसावा हवा म्हणून. त्या पंधरा दिवसांत तिला माहेरी जाता येईल, स्वतःचं रखडलेलं ऑपरेशन करून घेता येईल, नाहीतर नुसतं झोपता येईल. कारण विचारायचं नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला फक्त घरभेटींसाठी एक परिचारिका द्या. दिव्यांगांसाठीची जास्त आधाराच्या गरजेची तपासणी साठीपुढच्या अंथरुणाला खिळलेल्यांना आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही लागू करा. जो करतो आहे त्याचा पेन्शनचा हप्ता राज्याने भरावा. रोख भत्ता या सगळ्यानंतर, यांच्या जोडीने. यांच्याऐवजी कधीच नको. आणि २४ व्या कलमातल्या काळजीवाहक भत्त्यासाठी राज्याने येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं. ते उघडलं आहे का, त्यात किती रक्कम ठेवली आहे आणि आपल्या जिल्ह्यात किती जणांना ती मिळाली, हे तीन प्रश्न आपापल्या आमदाराला लेखी विचारायला अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.